विश्लेषण : शिक्षक दिनाच्या आदल्या दिवशी नागपूरने स्टीफन हिस्लॉप यांना का आठवावे?

नागपुरात ‘हिस्लॉप’ म्हटले की सिव्हिल लाइन्समधले कॉलेज आठवते. तिथे शिकलेल्या पिढ्या शहरभर आहेत. मात्र ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या स्टीफन हिस्लॉप यांनी कॉलेज पाहिलेही नव्हते. ते सुरू होण्याच्या वीस वर्षे आधी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, नागपूरच्या दक्षिणेला एका नाल्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. आज आपण ज्या दिवशी शिक्षक दिन साजरा करतो, त्याच्या आदल्या दिवसाची ही घटना. धर्मप्रसारासाठी आलेला हा माणूस शिक्षक, भूगर्भ अभ्यासक आणि गोंडी गाण्यांचा संग्राहकही झाला. आपली श्रद्धा आणि आपला पेशा यांचा मेळ शिक्षकाने कसा घालायचा, हा आजही न सुटलेला प्रश्न त्यांच्या आयुष्यात पदोपदी दिसतो.

हिस्लॉप कोण होते?

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील बेरिकशायरमधील डन्स या गावात झाला. एडिंबरो आणि ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. धर्मशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच त्यांच्या देशात मोठी उलथापालथ झाली. चर्चमध्ये धर्मगुरू कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या वादातून मे १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटले. साडेचारशेहून अधिक धर्मगुरूंनी सरकारमान्य चर्चचे वेतन आणि राहते घर सोडून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिस्लॉप या नव्या चर्चमध्ये गेले. सदसद्विवेकासाठी पगारावर पाणी सोडणारी माणसे त्यांनी ऐन तरुणपणी जवळून पाहिली. पुढे सत्तेशी वागताना त्यांनी जो ताठपणा दाखवला, त्याचे मूळ इथे शोधता येते.

१८४४ मध्ये इरॅस्मा हल यांच्याशी विवाह करून ते भारताकडे निघाले. वर्षअखेरीस मुंबईत उतरले. मुंबईत तेव्हा जॉन विल्सन काम करत होते. विल्सन कॉलेज पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. फेब्रुवारी १८४५ मध्ये हिस्लॉप कामठीच्या छावणीत पोहोचले. तेव्हा त्यांचे वय २७ होते.

नागपूरच का?

तेव्हाचे नागपूर इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हते. गादीवर तिसरे रघुजी भोसले होते, सीताबर्डीला ब्रिटिश रेसिडेंट होता आणि शहराबाहेर कामठीला मद्रास फौजेची छावणी होती. दरबारचा कारभार मराठीत, मोडी लिपीत चालत असे. मध्य भारतात मिशन सुरू व्हावे म्हणून मद्रास फौजेतील एका अधिकाऱ्याने पैसे देऊ केले होते. त्यातून ही जागा ठरली. गोंडांमध्ये काम करण्यासाठी आधी आलेल्या जर्मन मिशनऱ्यांपैकी बहुतेकांचा आजाराने बळी घेतला होता. जे उरले त्यांच्यापैकी काहींची साथ हिस्लॉप यांना मिळाली.

कामठीत मद्रासकडील शिपायांच्या कुटुंबांमुळे तमिळ आणि तेलुगू कानावर पडत असे, शहरात मराठी आणि हिंदी, तर जंगलपट्ट्यात गोंडी. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली. मे १८४६ मध्ये नागपुरात त्यांनी मुलांची शाळा उघडली. पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. शहराच्या आधुनिक शिक्षणाच्या इतिहासात या शाळेचे स्थान अगदी सुरुवातीचे आहे.

शाळेत काय शिकवले जात होते?

या शाळेमागे एक ठरलेला नमुना होता. अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये कलकत्त्यात तो सुरू केला होता. इंग्रजी, गणित, भूगोल, विज्ञान उत्तम शिकवायचे, सर्व जातिधर्मांची मुले घ्यायची आणि रोज बायबलचा तासही घ्यायचा. नव्या ज्ञानाने जुन्या समजुती ढिल्या होतील आणि मुले आपोआप ख्रिस्ताकडे वळतील, असा त्यामागचा विश्वास होता. विल्सन यांनी मुंबईत आणि हिस्लॉप यांनी नागपुरात थोड्याफार फरकाने हीच वाट धरली.

पालकांचा हिशेब वेगळा होता. कंपनीचे राज्य पसरत होते, इंग्रजी येणाऱ्याला नोकरी मिळत होती. बायबलचा तास ही त्यांच्या दृष्टीने मोजावी लागणारी किंमत होती. मुलगा तास ऐकेल आणि संध्याकाळी घरी येऊन देवापुढे हात जोडेल, एवढ्यावर ते समाधानी होते. बहुतेक घरांत झालेही तसेच. अशा शाळांतून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी फार थोड्यांनी धर्म बदलला.

इथे शिक्षकाच्या नीतीचा पहिला प्रश्न उभा राहतो. मूल ज्ञानासाठी वर्गात आले आहे आणि शिक्षकाच्या मनात आणखी एक हेतू आहे. हिस्लॉप यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावी लागेल : हा हेतू लपवलेला नव्हता. शाळा मिशनची आहे आणि तिथे बायबल शिकवले जाते, हे गावाला माहीत होते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इंग्रजी शिकण्याचे दुसरे सोयीचे दार जवळपास नसेल, तर पालकाच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो?

१८४८ चा वाद काय होता?

हा प्रश्न कागदावर राहिला नाही. १८४८ मध्ये शाळेतील एका ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेण्याची इच्छा दाखवली. शहरात खळबळ उडाली. दरबाराने आपल्या प्रजेतील हा तरुण परत मागितला. रेसिडेन्सीने राजाशी झालेल्या तहाचा आधार घेतला आणि त्याला दरबाराच्या ताब्यात दिले. त्याला अटकेत ठेवण्यात आले. आपल्या श्रद्धेचा निर्णय घेणे हा त्या तरुणाचा हक्क आहे आणि त्यासाठी त्याला कोंडता येणार नाही, अशी भूमिका हिस्लॉप यांनी घेतली. यात त्यांचा विरोध एकट्या राजाला नव्हता, स्वतःच्याच देशाच्या सरकारी प्रतिनिधीलाही होता.

महाराष्ट्राला असा वाद नवा नव्हता. मुंबईत १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून प्रकरण कोर्टात गेले होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

या सर्व प्रकरणांत वय, घर आणि शिक्षकाचा प्रभाव हे तीन धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. प्रौढ तरुणाचा निर्णय त्याचा स्वतःचा, हे हिस्लॉप यांचे म्हणणे आजच्या राज्यघटनेच्या कसोटीवरही टिकेल. मात्र ज्या शिक्षकाकडे मुलगा रोज आदराने पाहतो, त्याच शिक्षकाच्या हातून तो बाप्तिस्मा मागतो, तेव्हा त्यात ओढ किती आणि दबाव किती, हे मोजायला माप नव्हते. आई-वडिलांच्या भीतीला त्या काळच्या मिशनऱ्यांनी पुरेसे महत्त्व दिले नाही, ही टीका रास्त ठरते.

बायबल शिकवणारा माणूस दगड का गोळा करत होता?

हिस्लॉप यांचे जागतिक विज्ञानातले नाव आजही टिकून आहे ते या छंदामुळे. शाळा आणि प्रवचने सांभाळून ते आणि हंटर नागपूरच्या परिसरात पायी फिरत. शहराजवळच्या टाकळी येथे त्यांना काळ्या दगडाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. दख्खनच्या लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला होता, तेव्हा तिथे तळी होती आणि त्यात जीव राहत होते, याचा हा पुरावा. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वाळूखडकात प्राचीन वनस्पतींचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवरील मांगली येथून एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. लंडनचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून त्यांनी मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे जमवली. भारतातील डायनासोरच्या अभ्यासात पिसदुरा आजही महत्त्वाचे ठिकाण आहे.

नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजाचे नाव आणि ‘हिस्लोपिया’ हे गोड्या पाण्यातील सूक्ष्म वसाहती जीवाचे नाव त्यांच्यावरून पडले. हंटर पुढे मायदेशी परतले आणि इंग्रजीतील एका मोठ्या कोशाचे संपादक म्हणून ओळखले गेले.

श्रद्धा आणि दगड यांत भांडण नव्हते का? त्या काळी युरोपात हे भांडण पेटलेले होते. फ्री चर्चच्याच वर्तुळातील ह्यू मिलर हे वृत्तपत्राचे संपादक आणि नावाजलेले भूगर्भ अभ्यासक होते. पृथ्वी अतिप्राचीन आहे हे मान्य करूनही बायबलवर विश्वास ठेवता येतो, असे ते मांडत. हिस्लॉप याच वातावरणात वाढले होते. सृष्टी हे देवाचेच काम आहे, तेव्हा ती प्रामाणिकपणे वाचली पाहिजे, ही त्या मंडळींची धारणा होती.

तो प्रामाणिकपणा त्यांच्या कामाच्या पद्धतीत उतरलेला दिसतो. स्वतःला जे कळत नव्हते, ते त्यांनी जाणकारांकडे पाठवले. कवटी ओवेन यांच्याकडे, वनस्पती बनबरी यांच्याकडे, कीटकांचे अवशेष मरे यांच्याकडे गेले. कुठला दगड कुठल्या गावातून आला, याची नोंद त्यांनी ठेवली. त्यांचे काही निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले. नागपूरकडचे कोळशाचे थर त्यांनी ज्युरासिक काळातले मानले होते, ते त्याहून बरेच जुने निघाले. टाकळीचे थर त्यांना डायनासोरनंतरच्या काळातले वाटले होते. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, डायनासोर संपले त्या संधिकाळात वाहिला, असे आता मानले जाते. निष्कर्ष बदलले, पण नमुने आणि गावांच्या नोंदी नीट असल्याने पुढच्या अभ्यासकांना त्यावर काम करता आले. प्रत्येक शिक्षकाने घ्यावा असा हा धडा आहे. एक उणीवही सांगायला हवी. शास्त्रीय नावे साहेबांची पडली. दगड दाखवणाऱ्या, वाहून आणणाऱ्या गावकऱ्यांची नावे त्यांत आली नाहीत.

सत्तेशी त्यांचे नाते कसे होते?

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. तेव्हा हिस्लॉप नागपुरातच होते. त्याच वर्षी आलेल्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. १८५७ मध्ये नागपुरातही उठावाचा कट झाला आणि तो दडपला गेला. पुढे हिस्लॉप काही काळ स्कॉटलंडला जाऊन आले.

नव्या इंग्रजी राजवटीचे कौतुक करणे मिशनऱ्याला सोयीचे होते. हिस्लॉप यांनी उलट केले. नागपूर प्रांतातील प्रशासनाच्या गैरकारभारावर त्यांनी ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या वजनदार पत्रातून लिहिले. रयतेला होणारा त्रास कलकत्त्याच्या सरकारपर्यंत पोहोचण्यात या लेखनाचा हात होता. १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत तयार झाला. १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल नागपुरात आले आणि प्रांताचा कारभार पाहू लागले. शिक्षण आणि स्थानिक समाज यांबाबत ते हिस्लॉप यांचा सल्ला घेऊ लागले. ज्या सरकारवर टीका केली, त्याच सरकारला शाळा काढण्यासाठी मदत करायला हिस्लॉप यांनी कमीपणा मानला नाही.

गोंडांच्या गाण्यांशी त्यांचा संबंध काय?

दौऱ्यांमध्ये हिस्लॉप गोंड आणि कोरकू वस्त्यांवर थांबत. शब्द विचारत, चालीरीती टिपत. गोंडांचे भाट असलेल्या परधानांकडून त्यांनी लिंगोची दीर्घ गाथा उतरवून घेतली. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांची सुटका करून त्यांना गोत्रे, देव आणि रीत देणाऱ्या लिंगोची ही कथा. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला माघ पौर्णिमेला लाखो गोंड भाविक जमतात, ते याच परंपरेतून.

हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदांत हे सारे सापडले. टेंपल यांनी त्याचे संपादन करून १८६६ मध्ये पुस्तक छापले. त्यात गोंडी पाठ, त्याचा अर्थ आणि वेगवेगळ्या आदिवासी बोलींचे शब्द शेजारी शेजारी दिलेले आहेत. लिंगोची गाथा छापील रूपात आली ती इथे.

धर्म बदलण्यासाठी आलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या देवाची कथा इतक्या निगुतीने का लिहून ठेवली? एक उत्तर सरळ आहे : ज्यांना शिकवायचे त्यांना आधी ओळखले पाहिजे, हे शिक्षकाचे पहिले काम. दुसरे उत्तर कमी सुखाचे आहे : त्या काळी माहिती गोळा करणे हा राज्य करण्याचाही भाग होता. या पाठात महादेव-पार्वतीचा भाग बराच आहे. तो मूळचा किती आणि नंतर मिसळलेला किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. गोंड समाजातील आजचे लेखक आपल्या कोया पुनेमची मांडणी स्वतःच्या परंपरेच्या आधारे करत आहेत. तरी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी परधानांच्या तोंडून काय ऐकू येत होते, याचा तो लेखी पुरावा मोलाचा आहे.

मृत्यू कसा झाला?

सप्टेंबर १८६३ मध्ये टेंपल आणि हिस्लॉप बोरी, म्हणजे आजच्या बुटीबोरीच्या परिसरात दौऱ्यावर होते. जवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळे आहेत. गोल मांडलेल्या दगडांखाली लोहयुगातील माणसांच्या स्मारक-दफनांचे अवशेष आहेत. ४ सप्टेंबरला ती पाहण्यात आणि उकरून तपासण्यात दिवस गेला. बाकीची मंडळी मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मागे राहिले, कारण त्यांना गावातली शाळा पाहायची होती. परतताना अंधार झाला होता. वाटेतल्या नाल्याला पाणी चढले होते. घोडा एकटाच तळावर पोहोचला. शोध घेतल्यावर पाण्यात त्यांचा मृतदेह सापडला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. नागपुरातच त्यांचे दफन झाले.

टाकळघाट आणि शेजारच्या खापा येथे नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रशुद्ध उत्खनन केले. विदर्भाच्या लोहयुगाच्या अभ्यासात ते पायाभूत मानले जाते.

मागे काय राहिले?

त्यांची शाळा चालू राहिली. त्यातूनच १८८३ मध्ये कॉलेज उभे राहिले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. सुरुवातीला ते कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. तोवर आणि नंतरही या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्यांत बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नव्हते. संस्थापकांच्या पिढीची धर्मांतराची अपेक्षा फोल ठरली. शिक्षण मात्र रुजले.

आज याचा अर्थ काय?

हिस्लॉप यांच्या काळात जे शिक्षकाच्या विवेकावर सोडलेले होते, ते आता कायद्यात आले आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. एक कलम मुलाला जपते, दुसरे संस्थेला. या दोन कलमांच्या मधल्या जागेत आजचे ख्रिस्ती शाळांतील शिक्षक काम करतात.

ती जागा अवघड आहे. श्रद्धेतून आलेली सेवावृत्ती वर्गात आणायची, पण श्रद्धा लादायची नाही. प्रार्थनेतून मिळालेला धीर मागे पडलेल्या मुलासाठी वापरायचा, पण त्याच्या घरच्या देवाला हलके लेखायचे नाही. हा प्रश्न फक्त ख्रिस्ती शिक्षकांचा नाही. कुठल्याही धर्माचा, विचाराचा, पक्षाचा माणूस फळ्यासमोर उभा राहिला की त्याच्यापुढे तोच प्रश्न असतो.

हिस्लॉप यांनी तो पूर्ण सोडवला, असे म्हणता येणार नाही. शाळेमागचा हेतू आजच्या मापाने खटकतो. पण हेतू उघड ठेवणे, जे दिसले ते तसेच नोंदवणे, न कळलेले जाणकाराकडे सोपवणे, आपल्याच सरकारची चूक छापून सांगणे आणि दुसऱ्याची कथा त्याच्याच भाषेत जपणे, या त्यांच्या सवयी कुठल्याही धर्माच्या शिक्षकाला उपयोगी पडाव्यात अशा आहेत. दिवसभराचे उत्खनन आटोपल्यावर सोबतचे सारे तळाकडे निघाले, तेव्हा ते एका खेड्यातली शाळा पाहायला थांबले होते. शिक्षक दिनाच्या आदल्या दिवशी नागपूरने त्यांची एवढी आठवण ठेवली तरी पुरे.